रंगकामापूर्वी फॉल्स सीलिंगमधले दिवे कसे उतरवावेत

पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगमधल्या एलईडी दिव्यांभोवती मास्किंग टेप लावून छत रंगवण्याची रीत आपल्याकडे सर्रास दिसते, कारण त्यात वेळ वाचतो. परंतु दिव्याची कड आणि छत यांच्यामधल्या फटीत उतरलेला रंग वाळला की तो दोहोंना जोडून टाकतो, आणि पुढे कधी दिवा बदलण्याची वेळ आली की त्याच्या कडेबरोबर रंगाचे पापुद्रे, प्रसंगी पीओपीचे तुकडेही खाली येतात. त्यामुळे दिवे आधी उतरवणेच श्रेयस्कर. अपवाद फक्त ज्यांची कड पुट्टीखाली बुजवलेली असते अशा ट्रिमलेस दिव्यांचा. ते ओढण्याच्या भानगडीत न पडता टेपने झाकावेत.

दिव्याला हात लावण्यापूर्वी वीज बंद करावी आणि ती भिंतीवरच्या बटणावर नव्हे, तर एमसीबीवर बंद करावी. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेवर जोडलेले आढळते. अशा ठिकाणी दिवा विझला तरी तारेत २३० व्होल्टचा दाब कायम असतो. घरात इन्व्हर्टर असेल तर अधिक सावध राहावे, कारण मेन स्विच पाडताच तो आपल्या सर्किटवरच्या दिव्यांना वीज देऊ लागतो. त्याचा पुरवठाही वेगळा बंद करावा. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो ना हे पाहावे आणि मगच दिव्याच्या तारांवर त्याचा भरवसा धरावा. जुन्या पद्धतीचे हॅलोजन दिवे असतील, तर ते पूर्ण निवेपर्यंत थांबावे.

खरे कौशल्य यापुढे लागते. मागच्या रंगकामाचा थर कडेवर चढलेला असेल, तर धारदार कटर कडेलगत हलकेच पूर्ण फिरवून तो थर कापावा. जिप्सम बोर्डावर कागदाचा थर असतो. न कापता दिवा ओढला तर तो कागद फाटतो, आणि तिथे नुसता रंग दिला तर ओल लागून फुगवटे येतात. थर कापून झाल्यावर पुट्टीचा पातळ पत्रा कडेखाली सरकवून ती किंचित सैल करावी. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नये, कारण त्याचा सगळा जोर एकाच बिंदूवर येतो आणि छताची कड तिथेच फुटते.

दिव्याच्या दोन बाजूंना स्प्रिंगचे दोन बाहू असतात आणि ते बोर्डाच्या वरच्या पृष्ठभागावर टेकून दिव्याला धरून ठेवतात. दिवा सरळ खाली ओढू लागलो की हे बाहू वरच्या दिशेला मिटतात आणि भोकाबाहेर येताक्षणी झटक्याने उघडतात. बोट मध्ये आले तर चांगलेच चेचते. म्हणून दिवा थोडा तिरपा करून एक बाजू आधी काढावी, तो बाहू बोटांत घट्ट धरावा आणि मग दुसरी बाजू सोडवावी. दिवा तारेवर लोंबकळत ठेवू नये. ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारी छोटी डबी) आणि दिवा यांच्यामध्ये बहुधा जॅक असतो. तो तार न ओढता प्लगला धरून सोडवावा. तारा नुसत्या पिळून टेपने बांधलेल्या असतील, तर मोबाइलवर त्यांचा फोटो काढून ठेवावा किंवा सरळ वायरमनला बोलवावे.

प्रत्येक दिव्यावर जागेचा क्रमांक लिहावा, कारण दिसायला सारख्या दिव्यांतही उजेडाचा रंग वेगळा असू शकतो. ड्रायव्हर छताच्या आत कडेला सरकवून भोकात वर्तमानपत्राचा सैल बोळा बसवावा, म्हणजे घासकामाची पूड आत जात नाही. काम चालू असेपर्यंत त्या दिव्यांचा एमसीबी बंदच ठेवावा आणि उजेडासाठी दुसऱ्या खोलीतून वायर ओढून दिवा घ्यावा. भोकाची कड कुठे तुटली असेल तर ती याच वेळी पीओपीने भरून घ्यावी; स्प्रिंगचा दाब तिथेच येतो, त्यामुळे भुसभुशीत कडेवर दिवा टिकत नाही.

इमल्शन हाताला कोरडे लागले म्हणून दिवे लगेच बसवू नयेत. कड ओलसर थराला चिकटते आणि मग आधीची सगळी मेहनत वाया जाते. किमान एक रात्र जाऊ द्यावी, पावसाळ्यात त्याहून जास्त. बसवताना आधी दिवा ड्रायव्हरला जोडावा आणि नंतरच वीज सुरू करावी, कारण चालू ड्रायव्हरला एलईडी जोडल्यास ती जळू शकते. दोन्ही बाहू वर मिटून दिवा भोकात घालावा आणि सावकाश दाबावा. कड छताला सगळीकडून टेकली नाही, तर बाहूखाली तार अडकलेली असण्याची शक्यता जास्त. जोर न लावता दिवा पुन्हा काढून तार बाजूला करावी.