होल्डेम पोकरमध्ये ब्लफ करायचा तर हातात थोडी आशा ठेवून

नवखे खेळाडू बहुतेकदा काहीच न जमलेल्या पत्त्यांवर रिव्हरला, म्हणजे टेबलावर शेवटचं पाचवं पान आल्यावर, ब्लफ मारतात. त्यापेक्षा फ्लॉपवरचा (टेबलावरच्या पहिल्या तीन पानांवरचा) अर्धा ब्लफ, म्हणजे आत्ता हात कच्चा पण पुढे जमू शकेल असा ब्लफ, स्वस्त पडतो.

समजा, तुमच्याकडे इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची पंजी आहे. फ्लॉपवर इस्पिकची राणी, इस्पिकची अठ्ठी आणि चौकटची तिर्री आली. फ्लशसाठी, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं जमायला, इस्पिकची नऊ पानं शिल्लक आहेत. पुढच्या दोन पानांत तो लागण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के, फक्त टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, साधारण १९. पॉट (मध्ये जमलेली रक्कम) ६०० चा असेल तर ४०० लावा. हातात काहीच नसतं, तर ही बोली निभायला समोरच्याने १० पैकी ४ वेळा पत्ते टाकावे लागले असते. इथे त्याहून कमी वेळा टाकले तरी चालतं, कारण तो पत्ते न टाकता थांबला तरी तुमचा फ्लश लागू शकतो.

हे समोर एकच जण असताना. समोरच्या दोघांपैकी प्रत्येक जण ६० टक्के वेळा पत्ते टाकणारा असला, तरी दोघंही टाकण्याची शक्यता ३६ टक्क्यांवर येते. आणि जो कसलीही जोडी सोडत नाही, त्याच्यापुढे ब्लफ नकोच. त्याच्याकडून चांगल्या पत्त्यांवर पैसे काढा.

बोलीचा आकार खऱ्या जोरदार हाताला जेवढा ठेवता तेवढाच ठेवा. एरवी अर्धा पॉट लावणारा अचानक दुप्पट लावतो, तेव्हा टेबलावरच्या जाणत्याला लगेच वास येतो.

रिव्हरला फ्लश हुकला, तर पुन्हा बोली लावण्याआधी थांबा. समोरच्याचा हुकलेला इस्पिकचा फ्लश हाच सहज पत्ते टाकणारा हात असतो, आणि त्यातली दोन इस्पिकं तुमच्याच हातात आहेत, म्हणून तो हात समोर असण्याची शक्यता कमी.