घरच्या घरी फळांच्या गमीज: चायना ग्रास, जिलेटिन की पेरू?

गमी करायची म्हटलं की सगळे आधी फळ कुठलं घेऊ ते विचारतात, पण खरा प्रश्न तो नाहीच, खरा प्रश्न आहे की ती सेट कशाने करणार. फळ काय, स्ट्रॉबेरी घ्या, आंबा घ्या, कोकम घ्या, जांभूळ घ्या, चव चांगलीच येते, पण सेट करायचं जे असतं त्यावर गमी चावायला कशी लागेल, उन्हाळ्यात डब्यात टिकेल की पाणी होईल, आणि घरातल्या शाकाहारी माणसांना चालेल की नाही हे सगळं ठरतं. म्हणून आधी तेच सांगते, मग कृती.

विकतच्या पाकिटाची मागची बाजू एकदा वाचा. साखर, मग ग्लुकोज किंवा ग्लुकोज सिरप, मग बहुतेक वेळा जिलेटिन किंवा पेक्टिन, मग आम्लता आणणारं काहीतरी आणि शेवटी रंगांचे नंबर, १०२ म्हणजे टार्ट्राझिन हा पिवळा, १२९ लाल, १३३ निळा. फळ असलंच तर नावापुरतं. आता हे काही विष नाहीये, उगाच घाबरवणारे मेसेज फिरतात तसं मी काही म्हणत नाही, पण घरी केलं तर निदान फळ तरी पोटात जातं एवढाच मुद्दा. साखर घरीही लागतेच, 'नॅचरल' म्हणजे बिनसाखरेचं असं समजू नका, आटवलेल्या फळाच्या गरात त्याची स्वतःची साखरही असतेच.

तर तीन रस्ते आहेत. जिलेटिन हे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनतं, त्यामुळे शाकाहारी घरात विषयच संपला. त्याने विकतच्यासारखी रबरी, लवचिक गमी होते हे मान्य, पण ते ३०-३५ अंशाला वितळायला लागतं, तोंडात विरघळतं ते म्हणूनच, आणि म्हणूनच एप्रिलमध्ये नागपूरला किंवा अगदी पुण्यातसुद्धा शाळेच्या डब्यात दिलं तर मधल्या सुट्टीपर्यंत त्याचा काला होतो. दुसरा रस्ता अगार-अगार, म्हणजे आपलं चायना ग्रास, समुद्री शेवाळापासून बनतं. (उपासाला चालतं का ते तुमच्या घरातल्या मोठ्यांनी ठरवायचं, मी त्या वादात पडत नाही.) हे उकळल्याशिवाय विरघळत नाही, ३५-४० अंशाच्या आसपास सेट होतं आणि एकदा सेट झालं की ८५ अंशापर्यंत पुन्हा वितळत नाही, म्हणजे आपल्या हवेसाठी एकदम फिट. तोटा एकच, नुसतं रसात घालून सेट केलं तर कचकन तुटणारी जेली होते, चघळायला काही उरत नाही. त्यावर उपाय आहे, खाली सांगते. तिसरा रस्ता पेक्टिन, जे पेरू, सफरचंद, कवठ अशा फळांत मुळातच भरपूर असतं.

मी चायना ग्रासवाली आहे, त्यामुळे मुख्य कृती तीच.

आधी खरेदीचं. किराणा दुकानात चायना ग्रास मागितलं की बऱ्याचदा रंगीत, वासाचं, साखर घातलेलं खोकं हातात देतात, ते नको, ते इन्स्टंट जेलीचं मिश्रण असतं. घटकांमध्ये फक्त अगार किंवा ४०६ लिहिलेलं हवं. पावडर मिळाली तर उत्तम, केकचं सामान मिळतं तिथे हमखास असते. पांढऱ्या पट्ट्या मिळाल्या तर त्याही चालतात, फक्त त्या चमच्याने मोजता येत नाहीत, वजन करायचं, कात्रीने बारीक कापून अर्धा तास भिजवायच्या आणि पावडरपेक्षा जास्त वेळ उकळायच्या, शेवटी गाळून घ्यायचं कारण एखादा दोरा राहतोच.

स्ट्रॉबेरीचं प्रमाण धरून सांगते. पाव किलो स्ट्रॉबेरी, ५ टेबलस्पून साखर, २ टीस्पून अगार पावडर (साधारण ४-५ ग्रॅम), अर्धा कप पाणी, १ टीस्पून लिंबाचा रस, आणि साच्याला लावायला थेंबभर खोबरेल तेल, खायचं हं, केसाचं नाही. डिसेंबर ते मार्च महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते तेव्हा कराच, त्यात जी फळं दबलेली, जास्त पिकलेली असतात ती स्वस्तात मिळतात आणि गमीला तीच बरी. फक्त बुरशी लागलेली घेऊ नका, तेवढा भाग कापून बाकीचं वापरू असंही करू नका.

स्ट्रॉबेरी धुऊन, देठ काढून मिक्सरला फिरवा, बिया नको असतील तर गाळा (मी गाळत नाही). साखर घालून जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर आटवायला ठेवा. इथे घाई करायची नाही, कारण चायना ग्रासच्या गमीला जो चिवटपणा येतो त्यातला निम्मा इथे येतो. एक कपभर गर असेल तो पाऊण कपावर यायला हवा. आधी पातळ फेस येतो, मग फेस कमी होऊन बुडबुडे मोठे आणि जड होतात, फटफट आवाज करायला लागतात, आणि उलथन्याने कढईच्या बुडावर रेघ ओढली की ती लगेच न भरता क्षणभर तशीच राहते. ते झालं की गॅस अगदी बारीक करा पण बंद करू नका, गर गरमच राहिला पाहिजे.

आता दुसऱ्या छोट्या पातेल्यात अर्धा कप गार पाण्यात अगार पावडर भुरभुरवून १० मिनिटं ठेवा. गरम पाण्यात एकदम टाकली की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. मग गॅसवर ठेवून सतत ढवळत उकळी आणा आणि उकळी आल्यावर ३-४ मिनिटं नीट उकळू द्या. आधी ते गढूळ, रवाळ दिसतं, चमचा वर उचलून उजेडात बघितलं तर चमच्याच्या पाठीवर बारीक बारीक कण चिकटलेले दिसतात, हे कण पूर्ण जाऊन पाणी स्वच्छ आणि जरा दाटसर, पातळ खळीसारखं दिसायला लागलं की झालं. कण राहिले तर गमी सेट होणार नाही किंवा अर्धवट होईल, 'माझी सेटच झाली नाही' असं म्हणणाऱ्यांचं निम्म्या वेळा इथेच चुकलेलं असतं.

हे उकळतं अगार गरम गरात ओता, भरभर ढवळा, एक उकळी, गॅस बंद. गर फ्रीजमधला गार असेल तर अगार त्यात पडल्या पडल्या गोठून दोरे होतात, म्हणून दोन्ही गरम. लिंबाचा रस गॅस बंद केल्यावरच घालायचा, आधी नाही, कारण आंबटाबरोबर जास्त वेळ उकळलं की अगारची पकड कमी होते. ह्याच कारणाने मी अगार फळाच्या रसात न उकळता वेगळं पाण्यात उकळते, स्ट्रॉबेरीला एकवेळ चालून जाईल पण कोकमाला अजिबात नाही.

साच्यात ओतण्याआधी एक टेस्ट करा, फ्रीजरमध्ये ठेवलेल्या गार स्टीलच्या ताटलीवर एक थेंब टाका, मिनिटभरात तो बोटाने ढकलल्यावर अख्खा सरकला पाहिजे. पसरला किंवा बोटाला लागला तर अर्धा टीस्पून अगार थोड्या पाण्यात वेगळं उकळून त्यात घाला. अगारचं हे एक फार सोयीचं आहे, अगदी साच्यात ओतून झाल्यावरसुद्धा बिघडलेलं वाटलं तर परत पातेल्यात टाकून उकळायचं आणि परत ओतायचं, वाया काही जात नाही.

साचे सिलिकॉनचे असतील तर छान, अस्वलाचे बारीक साचे असतील तर औषधाचा स्वच्छ ड्रॉपर वापरा, नाहीतर सगळीकडे सांडतं. साचा नसेल तर अडायचं कारण नाही, ताटाला तेलाचा हात लावून अर्धा-पाऊण सेंटिमीटर जाडीत ओता आणि वड्या पाडा. वर आलेला फेस मात्र ओतण्याआधी चमच्याने काढून टाका म्हणजे गमी काचेसारखी स्वच्छ दिसते. १५-२० मिनिटांत बाहेरच सेट होते, फ्रीजची गरज नाही, पण तासभर ठेवली तर साच्यातून सुटायला सोपी जाते.

आणि आता ती उपायाची गोष्ट. ह्या क्षणी तुम्ही एक खाल्ली तर म्हणाल ही तर जेली आहे. हो, जेलीच आहे. आता साच्यातून काढलेल्या गमीज जाळीवर सुट्या सुट्या मांडा, वरून पातळ मलमलचं कापड टाका (मुंग्या!) आणि पंख्याखाली रात्रभर ठेवा, मधे एकदा उलटा. बाहेरून पातळ साल धरते, आकार जरा आकसतो, रंग गडद होतो आणि चावताना मस्त चिवट लागते. ओव्हन असेल तर सर्वात कमी, ५०-६० अंशावर दार किंचित उघडं ठेवून २-३ तास, अगार त्या तापमानाला वितळत नाही म्हणून हे जमतं, जिलेटिनच्या गमीला हे करायला गेलात तर ट्रेमध्ये सरबत मिळेल. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पंख्याखाली काही वाळत नाही, उलट ओलंच होतं, तेव्हा ओव्हन नाहीतर फ्रीजमध्ये उघड्या ताटलीत दोन दिवस. फ्रीजमधली हवा कोरडी असते, काम होतं, फक्त शेजारी चिरलेला कांदा ठेवू नका.

साखरेत घोळवायची असेल तर ती खायला द्यायच्या आधी. आधीपासून घोळवून ठेवली की साखर गमीतलं पाणी ओढून घेते आणि डब्यात चिकट पाक तयार होतो. आंबट-गोड हवी असेल तर २ टेबलस्पून साखरेत पाव टीस्पून सायट्रिक ॲसिड, मुलं ह्यावर तुटून पडतात.

बाकीची फळं. आंब्याचा रस मुळातच दाट असतो, त्याला फार आटवावं लागत नाही, पण आमरसात लिंबू जरा जास्त घाला नाहीतर नुसतं गोडमिट्ट लागतं. कोकमासाठी आमसुलं गरम पाण्यात दोन तास भिजवून कुस्करून गाळायची, आगळ वापरू नका कारण त्यात मीठ असतं, आणि साखर दुप्पट, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली तर सोलकढीच्या आठवणीने मोठी माणसंच आधी संपवतात. कोकमाच्या गमीला साखरेऐवजी गूळ छान लागतो, रंग मात्र लाल न राहता तपकिरी होतो. जांभळाला बिया काढायचा ताप आहे पण रंग असा येतो की दुसरं काही नको. निळा रंग हवाय म्हणून हट्ट असेल तर गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाका, त्या पाण्यात अगार उकळा, निळंच राहील, अर्ध्यात लिंबू पिळा, ते जांभळं होईल, मुलांना हे समोर करून दाखवा. बीटाचा रस रंगाला घालणार असाल तर अगदी शेवटी, जास्त उकळला की तो मळकट होतो.

जिलेटिनच वापरायचं असेल तर थोडक्यात: १ कप रस, ३ टेबलस्पून जिलेटिन. अर्ध्या गार रसात जिलेटिन भुरभुरवून १० मिनिटं फुगू द्या, उरलेला रस साखरेबरोबर गरम करून त्यात ते विरघळवा, उकळायचं नाही, साच्यात ओतून फ्रीजमध्ये २-३ तास. ताजा अननस, पपई, किवी, अंजीर ह्यात घालू नका, त्या फळांमधली एन्झाइम्स जिलेटिनचं प्रोटीन तोडतात आणि ते रात्रभर ठेवलं तरी पातळच राहतं. रस आधी नीट उकळून घेतला तर चालतं. अगारला हा प्रॉब्लेमच नाही, ते प्रोटीन नाही ना.

आणि पेरू. गोव्यात नाताळच्या फराळात पेराद असते ती बघा, गडद लालसर वड्या, ती म्हणजे खरं तर बिनअगारची, बिनजिलेटिनची गमीच. पिकलेले पण कडक पेरू वाफवून गाळणीतून दाबून बिया काढा, जितका गर तितकीच साखर, लिंबाचा रस, आणि मग ढवळत बसा, कढई सोडून गोळा फिरायला लागेपर्यंत. चटके उडतात, लांब दांड्याचा चमचा घ्या. इथे साखर कमी करायचा मोह टाळा, पेरूतलं पेक्टिन भरपूर साखर आणि आंबटपणा दोन्ही असेल तरच धरतं, निम्मी साखर घातली तर जॅम होईल, वडी नाही. त्याच साखरेमुळे पेराद बाहेर कितीतरी दिवस टिकते.

चायना ग्रासच्या आणि जिलेटिनच्या गमीज मात्र टिकाऊ नाहीत, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही आणि साखरही विकतच्यापेक्षा खूप कमी. फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून, ५-६ दिवस. डब्यात तळाला पाणी दिसलं तर घाबरू नका, अगार थोडं पाणी सोडतं, कागदाने टिपून घ्या, पण वास आंबूस आला किंवा वर ठिपके दिसले तर सरळ फेकून द्या. फ्रीजरमध्ये टाकू नका, अगार गोठून वितळलं की स्पंज होतो. चार वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खी गमी देऊ नका, घशात अडकू शकते, बारीक तुकडे करून आणि समोर बसवून द्या, आणि एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मध घातलेली अजिबात नको.