रंगवलेल्या भिंतीवर टाइल्स बसवण्याआधी

टाइल रंगाला चिकटेल, पण रंग भिंतीला धरून राहील याची खात्री कोण देणार? सिरॅमिक टाइलचं वजन चौरस मीटरला साधारण 15 किलो, व्हिट्रिफाइडचं 18 ते 20, वर अ‍ॅडेसिव्ह वेगळं. हा भार मधल्या सगळ्यात कच्च्या थरावर येतो आणि बहुतेक घरांत तो थर रंगाचा नसतो, रंगाखालच्या पुट्टीचा असतो.

ओला हात भिंतीवर फिरवा. पांढरा झाला तर चुना किंवा डिस्टेंपर आहे. पाणी मारून, खरवडून पूर्ण काढायचा. इमल्शन असेल तर कटरने उभ्या-आडव्या रेघा मारा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीच्या मागे पांढरी भुकटी आली की समजा पुट्टी सुटतेय. मग पुट्टीसकट गिलाव्यापर्यंत जायला हवं. पीओपी किंवा जिप्समचा थर असेल तर तोही काढा. ओल लागली की जिप्सम आणि सिमेंटची रासायनिक क्रिया होऊन थर फुगतो आणि टाइल सुटते.

ऑइल पेंट फसवा असतो. घट्ट बसलेला असतो, म्हणून गवंडी सांगतो, "नुसते टाचे (छिन्नीचे छोटे घाव) मारू, पुरे." पण टाच्यांच्या मधला रंग तसाच राहतो आणि गुळगुळीत रंगावर सिमेंटची पकड बसत नाही. ग्राइंडरला कप व्हील (घासायचं वाटीसारखं चाक) लावून घासून काढणं बरं, आणि त्यानंतर टाचे: दोन-दोन इंचांवर, 3 मिमी खोल, हलक्या हाताने. जोराने ठोकलं तर चांगला गिलावाही भिंतीपासून सुटतो. 2017 च्या आधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका. पाणी मारत खरवडा, तोंडाला मास्क बांधा आणि मुलांना लांब ठेवा.

आता हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवून बघा. बद आवाज आला तिथला गिलावा सुटलेला आहे, तेवढा काढा. बेळगाव-खानापूरकडच्या जुन्या जांभ्याच्या घरांत चुन्याचा किंवा मातीचा गिलावा असतो; त्यावर थेट टाइल नको. तिथे चिऱ्यांच्या सांध्यांतली माती 10-12 मिमी खरवडून, जाळी ठोकून सिमेंट-वाळूचा 1:4 गिलावा करावा. 7 दिवस पाणी मारायचं आणि नंतर वाळू द्यायचं. एकूण 28 दिवस धरा. घाई इथेच नडते.

ओल तपासायला दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून 24 तास ठेवा. आत थेंब दिसले तर काम थांबवा. खानापूरच्या पावसात जून ते सप्टेंबर भिंत वाळतच नाही, तेव्हा उन्हाळ्यात हात घातलेला बरा. लोणा (भिंतीवर येणारं पांढरं मीठ) फुटला असेल तर कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. मीठ परत आत जातं. गळती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सरळपट्टी लावून 3 मिमीपेक्षा जास्त खड्डा दिसला तर तो गिलाव्यानेच भरा. अ‍ॅडेसिव्हचा जाड थर आकसतो. शेवटी पाणी शिंपडून बघा: थेंब गोळा होऊन ओघळले तर रंग अजून शिल्लक आहे, पाणी क्षणात शोषलं गेलं तर आधी प्रायमर लागेल, नाहीतर भिंत अ‍ॅडेसिव्हमधलं पाणी ओढून घेईल. मोरीत टाइल लावण्याआधी वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या, दुसरा हात पहिल्याला आडवा, आणि भिंत-फरशीच्या कोपऱ्यात वॉटरप्रूफिंगची पट्टी बसवा.

अ‍ॅडेसिव्हच्या पोत्यावर आयएस 15477 (टाइल अ‍ॅडेसिव्हचं भारतीय मानक) आणि टाइलच्या जातीनुसार अ‍ॅडेसिव्हचा टाइप बघून घ्या. 3 मिमी थराला 20 किलोचं पोतं साधारण 45 चौरस फूट पुरतं. पहिली टाइल दाबून बसवली की लगेच उचलून मागची बाजू बघा. किमान 80 टक्के भागाला माल लागलेला हवा, मोरीत 95.