फोटो उघडलाच नाही, मग धोका कसा? मीडिया फाइलींबाबत या चुका टाळा

"अनोळखी नंबरवरून व्हिडिओ आला होता, पण मी उघडलाच नाही." एवढ्यावर निर्धास्त होणं, ही सगळ्यात मोठी चूक. थंबनेल, म्हणजे फाइलची छोटी झलक, दाखवायचं म्हणून फोनने ती फाइल तुमच्या आधीच वाचलेली असू शकते. 2015 मध्ये उघड झालेल्या अँड्रॉइडच्या ‘स्टेजफ्राइट’ त्रुटी याच वाटेच्या होत्या. एमएमएसमधला व्हिडिओ आपोआप उतरायचा आणि फोनची मीडिया लायब्ररी, म्हणजे फोटो-व्हिडिओ वाचणारा तयार कोड, लगेच तो चाळायला घ्यायची. मेसेजिंग ॲपमधलं ऑटो-डाउनलोड बंद ठेवा, ते त्यासाठीच.

फाइल वाचताना गडबड होते ती हिशोबात. चित्राची रुंदी-उंची फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, लिहिलेली असते आणि डिकोडर, म्हणजे चित्र उलगडणारा कोड, तिच्यावरून मेमरी मागतो. समजा हेडर म्हणतं, 32,769 × 32,768 पिक्सेल, प्रत्येकी 4 बाइट. खरी गरज 4 जीबीच्या थोडी वर. पण गुणाकार 32 बिटांत केला, तर आकडा 4,29,49,67,296 ला पोचला की जुन्या गाडीच्या मीटरसारखा शून्यावर येतो आणि हाती उरतात जेमतेम 1,31,072 बाइट. जागा तेवढीच, आणि ओतायचं मात्र अख्खं चित्र! जे बाहेर सांडतं ते हल्लेखोराने मोजूनमापून रचलेलं असेल, तर ॲप नुसतं बंद पडत नाही, त्याच्या हुकमाने चालू लागतं.

कोड लिहिणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे आधी गुणाकार आणि मग तपासणी. मीटर फिरून गेल्यावर तपासणार काय? गुणाकाराआधीच मर्यादेला रुंदीने आणि दर पिक्सेलच्या बाइटने भागा आणि उंची त्यात बसते का ते पाहा. हेडरमधला आकडा हा फाइल पाठवणाऱ्याचा दावा आहे, मोजमाप नव्हे.

नावावरही जाऊ नका. 2021 मध्ये आयफोनवर झालेल्या ‘फोर्स्डएंट्री’ हल्ल्यातल्या फाइलींना नाव ‘.gif’चं होतं, आत मात्र पीडीएफ निघाली.

आणखी एक गैरसमज: ब्राउझर अपडेट केला की झालं. सप्टेंबर 2023 मध्ये ‘लिबवेबपी’ या चित्र-लायब्ररीत मेमरीबाहेर लिहिण्याची त्रुटी सापडली. क्रोमची दुरुस्ती लगेच आली, पण चॅट, नोट्स, संपादनाची कितीतरी ॲप्स त्या लायब्ररीची स्वतःची प्रत घेऊन फिरतात. ब्राउझरच्या अपडेटचा त्यांना काडीचा उपयोग नाही. प्रत्येक ॲप वेगळं अपडेट करावं लागतं.

गॅलरी एकाच फोल्डरवर बंद पडतेय? बहुतेक वेळा अर्धवट उतरलेली फाइल निघते, त्यामुळे लगेच घाबरू नका. पण "तुझ्याकडे उघडतोय का बघ" म्हणत ती मित्राला धाडूही नका. आधी सिस्टिम आणि ॲप्स अपडेट करा. मग फाइल मॅनेजरमध्ये थंबनेल बंद करून, नुसत्या यादीतूनच ती फाइल काढून टाका. फोनला सुरक्षा अपडेट येणंच थांबलं असेल, तर बँकेची ॲप्स त्यावरून हलवा.