इंग्लंडमधला कारागीर पूर्वज कसा शोधावा: चर्चच्या नोंदीपासून घराच्या खरेदीखतापर्यंत

भायखळा-परळचे रेल्वे कारखाने, इगतपुरी, भुसावळ, खडकी. अशा ठिकाणी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून फिटर, बॉयलर बनवणारे, लोहार, सुतार आले. त्यातले काही इथेच राहिले, इथेच त्यांची लग्नं झाली. त्यांचे वंशज आज मराठी बोलतात, आणि घरच्या कागदांत एखादं इंग्रजी नाव आणि धंदा एवढंच उरलेलं असतं. दुसरीकडे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत इंग्रज सून किंवा जावई आलेला असतो आणि नातवंडांना त्या बाजूची वंशावळ हवी असते. दोघांचीही वाट पुढे एकच.

पूर्वज कारागीर निघाला तर नशीब समजा. शेतमजूर कागदावर फारसा दिसत नाही. कारागिराचं तसं नाही. त्याची भट्टी किंवा कर्मशाळा एका जागी असते, तो पट्टी भरतो, उमेदवार (हाताखाली धंदा शिकणारा मुलगा) ठेवतो, चर्चचं छप्पर दुरुस्त करून पैसे घेतो आणि मरताना अवजारं मुलाच्या नावे करतो. यातल्या प्रत्येक गोष्टीचा कागद होतो.

एक नियम मात्र आधीच ठरवून घ्या. केवळ नाव जुळलं म्हणून पिढी जोडायची नाही. नावाबरोबर धंदा किंवा जागा, दोन्हींपैकी एक तरी जुळली पाहिजे. इंटरनेटवरची अर्धी झाडं या एका नियमाअभावी चुकीच्या फांदीवर गेलेली आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी १: आजपासून मागे, १८३७ पर्यंत

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. तिथपर्यंत सरळ मागे जा. सर्वांत कामाचा दाखला लग्नाचा, कारण त्यात वधू आणि वर दोघांच्याही वडिलांचं नाव व धंदा लिहिलेला असतो. जनगणनांपैकी १८५१ ची आधी पाहा. तीत जन्माचं गाव मिळतं आणि मालक-कारागिरांना हाताखाली किती माणसं आहेत हेही विचारलेलं होतं. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांचं वय साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलंय, म्हणजे '३५' हा आकडा ३५ ते ३९ मधला काहीही असू शकतो. जन्मगावाऐवजी त्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जन्म झाला की नाही, एवढंच त्यात कळतं.

शोध मुंबई इलाख्यातून सुरू होत असेल तर आधी इथल्या चर्चच्या नोंदी काढा. बाप्तिस्मे, विवाह आणि दफनांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात 'एन/३' या मालिकेत आहेत. ब्रिटिश भारतातल्या घराण्यांचा शोध घेणाऱ्या फिबिस या संस्थेची सूची फुकट पाहता येते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा हुद्दा किंवा धंदा मिळतो. इंग्लंडमधल्या गावाचा पत्ता मात्र तिथे सहसा नसतो. त्यासाठी नोकरीचे किंवा पलटणीचे कागद बघावे लागतात.

पायरी २: पॅरिश रजिस्टर

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं क्षेत्र. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवायला लावली. पुढे १५९८ मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून काढण्याचा आणि दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवण्याचा हुकूम निघाला. उतरवताना निदान एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीपासूनचं तरी घ्या, अशी सूट होती. त्यामुळे पुष्कळ रजिस्टरं १५५८ पासूनच सुरू होतात. मूळ पान फाटलं, ओलीने गेलं, तर बिशपकडची नक्कल मागवायची. कधी कधी तीत मूळ रजिस्टरमध्ये नसलेला एखादा शब्द असतो, आणि तो शब्द नेमका धंद्याचा असू शकतो.

दोन तारखा लक्षात ठेवा. २५ मार्च १७५४ पासून लग्नं छापील नमुन्यात नोंदली जाऊ लागली. त्यावर वधू-वरांची सही किंवा अंगठ्याऐवजी केलेली खूण आणि साक्षीदारांची नावं असतात. १ जानेवारी १८१३ पासून बाप्तिस्म्याचा नमुनाही छापील झाला आणि त्यात बापाच्या धंद्याचा स्वतंत्र रकाना आला. म्हणून १८१३ नंतर काम झपाझप होतं. त्याआधी धंदा लिहायचा की नाही हे पाद्र्याच्या लहरीवर होतं. काही पॅरिशांत वर्षानुवर्षं प्रत्येक बापाचा धंदा सापडतो, तर शेजारच्या पॅरिशमध्ये एका ओळीचंही सुख नाही.

तारखा वाचताना सावध राहा. १७५२ पूर्वी इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे रजिस्टरमधला 'फेब्रुवारी १७२०' म्हणजे आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७२१. हे विसरलं की लग्नाआधीच मूल जन्मल्यासारखं दिसतं आणि नसलेली भानगड उभी राहते.

सूचीवर थांबू नका, मूळ पानाचं छायाचित्र उघडा. सूची करणाऱ्याने धंदा गाळलेला असतो, समासातली टीप गाळलेली असते. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर बरंच फुकट आहे. अ‍ॅन्सेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट यांना वर्गणी लागते. १६४० ते १६६० या यादवीच्या आणि ऑलिव्हर क्रॉमवेलच्या राजवटीच्या काळात नोंदी तुटक आहेत. तिथे माणूस नाही सापडला तर तो नव्हताच असं समजू नका. आणि घराणं बॅप्टिस्ट, क्वेकर वगैरे पंथाचं असेल तर त्यांची वेगळी रजिस्टरं १८३७ नंतर सरकारकडे जमा झाली, ती लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. लग्नं मात्र १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर आणि ज्यू सोडून सर्वांना इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्येच करावी लागत.

पायरी ३: पॅरिशची पेटी

बहुतेक जण रजिस्टर पाहून परततात. माझ्या मते खरी मौज इथून पुढे आहे. पॅरिश फक्त धर्माचं काम करत नसे. गरिबांना पोसण्याची जबाबदारीही तिची होती आणि त्यासाठी ती घराघरातून गरीबपट्टी गोळा करी. पैसे जातात तिथे हिशेब आलाच, आणि हे हिशेब चर्चमधल्या कुलूपबंद पेटीत राहत. आता ते बहुधा काउंटीच्या अभिलेखागारात असतात.

१६६२ च्या कायद्याने प्रत्येक माणसाची 'हक्काची' पॅरिश ठरू लागली. माणूस कंगाल झाला तर त्याला पोसायचं कोणी, हा त्यामागचा प्रश्न. हा हक्क जन्माने मिळे, वर्षाला दहा पौंड भाड्याची जागा घेतली तर मिळे, आणि पुढे उमेदवारीनेही मिळू लागला. म्हणून परगावचा चांभार आजारी पडून मदत मागायला आला की त्याला न्यायाधीशांपुढे शपथेवर सांगावं लागे: जन्म कुठला, कोणाकडे काम शिकलो, किती वर्षं, नंतर कुठे कुठे राबलो, लग्न कधी केलं. हा जबाब हाती लागला तर एका पानात माणसाचं चरित्र मिळतं. रजिस्टरमध्ये तो अचानक उगवला असेल आणि मागचा धागा सापडत नसेल, तर आधी हेच कागद पाहा. १६९७ नंतर तर बाहेर कामाला जाणारा माणूस आपल्या पॅरिशचा दाखला खिशात घेऊनच निघे.

चर्चवॉर्डनचे, म्हणजे चर्चची देखभाल बघणाऱ्यांचे, हिशेबही चाळा. घंटेचा दोर, दाराची बिजागरी, खिडकीची काच असल्या खर्चापुढे लोहार-सुतार-काचकाम करणाऱ्यांची नावं असतात. एकाच नावाने वीस वर्षं पैसे घेतले आणि मग तेच आडनाव वेगळ्या पहिल्या नावाने दिसू लागलं, तर बापाचा धंदा मुलाकडे गेला असावा. लगेच दफनांच्या यादीत त्या सुमाराला पाहा.

पायरी ४: उमेदवारी

१५६३ च्या कायद्याप्रमाणे धंदा करण्याआधी सात वर्षांची उमेदवारी सक्तीची होती. हा नियम १८१४ मध्ये गेला. १७१० पासून उमेदवारीच्या करारावर मुद्रांक कर बसला आणि त्याची रजिस्टरं १८११ पर्यंत आहेत. नॅशनल आर्काइव्हजमध्ये मालिका 'आयआर १'. उस्ताद, त्याचा धंदा, गाव, उमेदवाराचं नाव, आणि सुमारे १७५० पर्यंत उमेदवाराच्या बापाचंही नाव त्यात मिळतं. कर भरायला उमेदवारी संपल्यावरही मुदत असे, म्हणून कराराच्या वर्षापुढची काही वर्षंही धुंडाळावी.

दोन प्रकारची मुलं इथे मिळणार नाहीत: पॅरिशने खर्च करून बसवलेली गरीब मुलं, कारण त्यांना कर माफ होता, आणि बापाच्याच हाताखाली शिकलेली मुलं, कारण त्यांचा करारच बहुधा होत नसे. गावाकडच्या लोहारांच्या बाबतीत दुसरा प्रकार सर्रास आहे.

लंडन, यॉर्क, ब्रिस्टल अशा शहरांत धंदा करायला नगराचं 'फ्रीडम', म्हणजे नगराच्या सदस्यत्वाचा हक्क, लागे. ते उमेदवारी करून, बापाच्या हक्काने किंवा पैसे भरून मिळे. लंडनमध्ये एक गंमत आहे. कापडवाल्यांच्या कंपनीचा, म्हणजे त्या धंद्याच्या संघाचा, सभासद प्रत्यक्षात सुतारही असू शकतो, कारण एकदा फ्रीडम मिळालं की कोणताही धंदा करण्याची तिथे मुभा होती. कंपनीच्या नावावरून धंदा ठरवू नका.

पायरी ५: जागा

आता जमिनीचे आणि घराचे कागद. इंग्लंडमध्ये सगळ्या देशाचं जुनं एकच जमीन-दफ्तर नाही. खतं घरमालकाकडे नाहीतर त्याच्या वकिलाकडे असत आणि १९२५ च्या कायद्यानंतर बरीच निरुपयोगी म्हणून फेकली गेली. अपवाद यॉर्कशायर आणि मिडलसेक्सचे. यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंग या भागात १७०४ पासून आणि मिडलसेक्समध्ये १७०९ पासून खतांची नोंदणी होई. पूर्वज तिथला असेल तर आधी तिकडे धावा.

इतरत्र जमीन कराच्या याद्या उपयोगी पडतात. मतदानाचा हक्क सिद्ध करायला त्या लागत, म्हणून १७८० ते १८३२ च्या पुष्कळ टिकल्या आहेत. मालक एका रकान्यात, वहिवाटदार दुसऱ्यात. युक्ती अशी: नाव सोडून कराची रक्कम धरा. एकाच घराचा आकडा वर्षानुवर्षं तोच राहतो, यादीतला क्रमही सहसा तोच राहतो. नाव बदलून 'विधवा अमुक' झालं की दफनाची नोंद गाठा.

१८३६ च्या कायद्यानंतर बहुतेक पॅरिशांचे दशांश-कराचे (चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचे) नकाशे तयार झाले. प्रत्येक तुकड्याला नंबर, आणि सोबतच्या यादीत मालक, वहिवाटदार, क्षेत्र, पीक आणि वर्णन. सातबारा वाचलेल्या माणसाला ते रकाने परके वाटणार नाहीत. 'लोहाराची भट्टी आणि बाग' अशी नोंद मिळाली तर ती आजच्या नकाशावर बसवून पाहा. नकाशा नसेल तर त्या पॅरिशमध्ये शेतांच्या फेरवाटणीचा निवाडा झालाय का, ते शोधा.

जागा मॅनॉरच्या, म्हणजे जमीनदाराच्या जहागिरीच्या, वहिवाटीची असेल तर धारक मेल्यावर वारसाला मॅनॉरच्या कोर्टात नाव लावून घ्यावं लागे. त्या नोंदीत मयत, वारस आणि त्यांचं नातं हे एकत्र मिळतं. १७३३ पर्यंत या नोंदी लॅटिनमध्ये आहेत, पण ठरावीक साच्याच्या, त्यामुळे नमुना समोर ठेवून वाचता येतात. शहरातल्या दुकानदारासाठी सन फायर ऑफिसची विम्याची रजिस्टरं विसरू नका. त्यात नाव, धंदा, पत्ता आणि मालाची किंमत मिळते.

नामसाधर्म्यातून सुटका

हे सगळं का करायचं, ते एका प्रसिद्ध बापावरून दाखवतो. शेक्सपिअरचे वडील जॉन. स्ट्रॅटफर्डच्या रजिस्टरात २६ एप्रिल १५६४ ला विल्यमचा बाप्तिस्मा आहे, त्यात बापाचं फक्त नाव आहे, धंदा नाही. १५५२ मध्ये हेन्ली स्ट्रीटवर उकिरडा केल्याबद्दल जॉनला दंड झाला. १५५६ च्या एका दाव्यात तो हातमोजे करणारा आहे आणि त्याच वर्षी त्याने हेन्ली स्ट्रीटवर घर घेतलं. १५६१ मध्ये बापाच्या मालमत्तेच्या कागदात जॉन शेतकरी आहे, स्ट्रॅटफर्डजवळच्या स्निटरफील्डचा. १५९७ मध्ये हेन्ली स्ट्रीटच्या जागेतली एक पट्टी विकताना तो 'यूमन', म्हणजे स्वतःची जमीन बाळगणारा. तीन कागद, तीन ओळखी. नुसत्या धंद्यावर विसंबलो तर तीन माणसं होतील. त्यातल्या हातमोजे करणाऱ्याला आणि यूमनला एकत्र बांधते ती हेन्ली स्ट्रीटची जागा.

उलट घोटाळाही याच गावात झाला. तिथे दुसरा एक जॉन शेक्सपिअर होता, जोडे करणारा. त्याच्या मुलांचे बाप्तिस्मे त्याच रजिस्टरात आहेत आणि पूर्वी ती कवीची भावंडं धरली गेली. पहिला जॉन १५६८ मध्ये नगराचा प्रमुख झाला होता, म्हणून नंतर रजिस्टर लिहिणारा त्याच्या नावाआधी 'मिस्टर' लावी आणि चांभाराला लावत नसे. दोघं वेगळे करायला हा एवढासा शब्द पुरतो.

पायरी ६: मृत्युपत्र

१२ जानेवारी १८५८ पूर्वी मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. कॅंटरबरीच्या मोठ्या न्यायालयाची नॅशनल आर्काइव्हजच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात. यॉर्कची तिथल्या बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. लहान कारागिराचं मात्र बहुधा स्थानिक न्यायालयात, म्हणजे आता काउंटीच्या अभिलेखागारात. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत सोबत मालाची यादीही जोडत. ऐरण, भाता, अर्धवट झालेली चाकं, उधारीवरची येणी, सगळं किमतीसह. ऐरण कोणत्या मुलाला दिली ते बघा, पुढच्या पिढीत लोहार तोच असण्याचा संभव जास्त.

अभिलेखागाराला लिहिताना

नॅशनल आर्काइव्हजच्या डिस्कव्हरी सूचीत पूर्वजाचं नाव टाकून फारसं हाती लागत नाही, कारण प्रत्येक खतातलं प्रत्येक नाव सूचीत चढलेलं नसतं. गावाचं, गल्लीचं, मॅनॉरचं नाव टाका. अभिलेखागाराला ईमेल करताना 'माझ्या घराण्याची सगळी माहिती द्या' असं लिहू नका. पॅरिश, वर्षांची मर्यादा, कागदाचा प्रकार आणि सूचीतला क्रमांक एवढंच कळवा आणि नकलेचा खर्च विचारा. उत्तर आलं की प्रत्येक नकलेच्या मागे तो क्रमांक लगेच लिहून ठेवा. काही महिन्यांनी दोन जॉन समोर उभे राहतील, तेव्हा कोणता कागद कुठून आला हे त्यावरूनच कळेल.