पीएचडी अडकते ती मापिकेत आणि शाळेच्या वेळापत्रकात: या चुका टाळा

पेट म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा झाली, कोर्सवर्क झालं, आराखडाही मंजूर झाला, आणि मग दोन वर्षं काहीच हललं नाही. शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्रातल्या संशोधकांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मापिका कुठली घेतली?"

मापिका म्हणजे एखादा गुण किंवा वृत्ती मोजण्यासाठीची विधानांची यादी. घोळ तिथेच सुरू होतो. इंग्रजीतली तयार मापिका घेतली, रात्री बसून मराठीत उतरवली आणि सकाळी वर्गात वाटली, असं करू नका. उदाहरण म्हणून अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रोझेनबर्गची 1965 ची आत्मसन्मान मापिका घ्या. विधानं फक्त दहा, त्यांतली पाच नकारार्थी. "अभिमान वाटावा असं माझ्याकडे फारसं काही नाही" हे वाक्य आणि उत्तरात "असहमत" हा पर्याय. आठवीतलं पोर या दुहेरी नकारात गोंधळतं आणि भलत्याच चौकटीत खूण करतं. म्हणून भाषांतर झालं की मूळ मापिका न पाहिलेल्या माणसाकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घ्या, दोन्ही इंग्रजी प्रती शेजारी ठेवा. मग पाच-सहा मुलांना विधानं मोठ्यानं वाचायला सांगा आणि विचारा, "यातून तुला काय कळलं?" त्या अर्ध्या तासात जे सापडतं ते कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. मापिकेच्या वापराला परवानगी लागते का, तेही आधीच पाहा.

मापिकेतली विधानं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा विश्वासार्हता गुणांक फार कमी आला, किंवा चक्क ऋण आला, तर घाबरून विधानं गाळत सुटू नका. नकारार्थी विधानांचे गुण उलटे केलेत का, ते आधी बघा. बऱ्याचदा दोष तेवढाच असतो.

शिक्षणशास्त्रात दुसरी चूक तुकड्यांची. 'अ' तुकडी प्रायोगिक गट, म्हणजे नव्या पद्धतीने शिकणारा, 'ब' तुकडी नियंत्रित गट, म्हणजे नेहमीसारखा शिकणारा, आणि उत्तरचाचणीत 'अ' पुढे गेली की पद्धत परिणामकारक! पण अनेक शाळांत तुकड्या गुणांवरूनच पाडलेल्या असतात. पूर्वचाचणी घ्याच, सुरुवातीचा फरक सहप्रचरण विश्लेषण (अँकोव्हा) या सांख्यिकी पद्धतीने हिशेबात धरा, आणि शक्य असेल तर दोनहून जास्त शाळा घ्या. एकेकच तुकडी असली की फरक पद्धतीमुळे पडला की त्या वर्गाच्या शिक्षकामुळे, हे सांगता येत नाही. तोंडी परीक्षेत हा प्रश्न येतोच. सांख्यिकी दुसऱ्याकडून पैसे देऊन करून घेणाऱ्यांची तिथे फार वाईट अवस्था होते. हुशार मुलं मान खाली घालून बसलेली पाहिलीत, वाईट वाटतं.

आता वेळापत्रक. महाराष्ट्रात बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. पुढे सहामाही परीक्षा, दिवाळीची सुट्टी, सहली, स्नेहसंमेलन, फेब्रुवारी-मार्चात बोर्ड. हाती उरतात जुलै ते सप्टेंबर आणि दिवाळीनंतरचे काही आठवडे. हे हुकलं की वर्ष गेलं. मुख्याध्यापकांचं पत्र, जिल्हा परिषदेची शाळा असेल तर शिक्षण विभागाची परवानगी, पालकांचं संमतिपत्र, हे सगळं जूनमध्येच हातात हवं. संमतिपत्र सोप्या मराठीत लिहा. आईला वाचून कळलं पाहिजे.

वर्षं मोजूनच मिळतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या नियमांत पीएचडीसाठी किमान 3 आणि कमाल 6 वर्षं आहेत. पुनर्नोंदणीने आणखी 2. महिलांना आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर 2 वर्षांची सवलत मिळू शकते, शिवाय महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा. कितीतरी जणींना हे माहीतच नसतं आणि त्या मधेच सोडून देतात. कृपा करून सोडण्याआधी अर्ज करा.

याच नियमांनी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली. तरी आपल्या विद्यापीठाचा नियम तपासा, आणि पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नका.

वाङ्मयचौर्याबाबत यूजीसीचे 2018 चे नियम पाहा. 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. 40 पर्यंत असेल तर दुरुस्त प्रबंध 6 महिन्यांच्या आत. 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. मराठीत लिहिणाऱ्यांनी पहिल्या प्रकरणापासून युनिकोडच वापरावं. जुन्या फाँटमधला मजकूर तपासणीच्या सॉफ्टवेअरला नीट वाचता येत नाही, आणि ऐन प्रबंध सादर करताना तीनशे पानांचे फाँट बदलायला बसावं लागतं.