माहिती वर्तनावर पीएचडी करायचीय? मग जरा लायब्ररीच्या बाहेर या

पेटचा, म्हणजे पीएचडीच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की एम.लिब (ग्रंथालयशास्त्रात एम.ए.सारखं) झालेल्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. मॅडम टॉपिक सुचवा, इन्फॉर्मेशन लिटरसीवर (माहितीसाक्षरतेवर) काहीतरी द्या, जरा सोपं असलेलं. सोपं म्हणजे काय ते मलाही कळतं की! एक जिल्हा घ्यायचा, त्यातली कॉलेजं घ्यायची, पोरांना प्रश्नावली वाटायची, ई-रिसोर्सेस वापरता का याला हो किती नाही किती ते मोजायचं, टक्केवारीचे टेबल पाडायचे आणि शेवटी लायब्ररीने ओरिएंटेशन प्रोग्राम घ्यावा अशी शिफारस करायची, झाली पीएचडी. शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या पीएचडी प्रबंधांच्या साइटवर, जाऊन बघा, थप्पीच लागलीय असल्या प्रबंधांची. यूजीसीने 2009 च्या नियमात प्रबंधाची ई-प्रत सक्तीची केली तेव्हापासून हे सगळं उघड्यावर आलंय, बसल्या जागी वाचता येतं. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहायच्या आधी आपल्या संभाजीनगर आणि नांदेड या दोन विद्यापीठांचे या विषयातले प्रबंध काढा आणि फक्त शेवटचा चॅप्टर वाचत जा. कॉलेजचं नाव झाकलं तर कोणता निष्कर्ष कुणाचा ते सांगता येत नाही, आणि तुमचाही त्यातच जाऊन पडणार असेल तर चार-पाच वर्षं कशाला घालवायची.

माझं काम परभणी जिल्ह्यातल्या कापूस-सोयाबीनवाल्या घरांवर झालं, म्हणजे बियाणं, फवारणी, पीकविमा असल्या गोष्टींची माहिती घरात येते कुठून, कोण आणतं, कुणाच्या शब्दावर विश्वास बसतो. त्यातून एक गोष्ट पक्की झाली ती आधीच सांगून टाकते. माणसाला माहिती कुठून मिळते असं विचारू नका, तो शेवटचा अडला तेव्हा काय काय झालं ते विचारा. पुढचं सगळं याच्याच भोवती आहे.

आधी विषयाचा नकाशा, थोडक्यात. इन्फॉर्मेशन लिटरसी हा शब्द 1974 साली पॉल झुरकोव्स्कीने वापरला, आणि गंमत म्हणजे हा माणूस अमेरिकेतल्या माहिती उद्योगाच्या संघटनेचा अध्यक्ष होता आणि त्याने माहितीसाक्षर म्हणलं ते आपल्या कामात माहितीची साधनं वापरायला शिकलेल्या लोकांना. कामात! पुढं 1989 च्या अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या समितीच्या अहवालात ती सगळ्यांना पाठ असलेली व्याख्या आली (माहितीची गरज ओळखणं, ती शोधणं, पारखणं, वापरणं), 2000 साली कॉलेज लायब्ररींच्या संघटनेने स्टँडर्ड्स काढले आणि विषय हळूहळू कॉलेजच्या पोरांपुरता होऊन बसला. ते स्टँडर्ड्स त्यांनी स्वतःच 2016 ला मागे घेतले, त्या जागी सहा संकल्पनांचं फ्रेमवर्क आणलं, तरी आपल्याकडं अजून 2000 वालेच सिनॉप्सिसमधे चिकटवून येतात, व्हायवाला कुणी विचारलं तर बोलती बंद होईल. दुसरी बाजू माहिती वर्तनाची, म्हणजे माणसं माहिती कशी शोधतात, टाळतात, वापरतात त्याची. तिथं टॉम विल्सनचा 1981 चा लेख आधी वाचा, त्याने थेट सांगितलंय की माहितीची गरज ही मुळात दुसऱ्याच कुठल्यातरी गरजेतून येते, पोटाची, मनाची, कामाची. हे एवढं जरी डोक्यात बसलं तरी प्रश्नावली बदलते.

आता लिटरसीच मोजायची असं ठरवलं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते कौशल्य नसतं. "मी इंटरनेटवरची माहिती पारखू शकतो, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत" असा पाच खान्यांचा प्रश्न टाकला की निम्मी पोरं पूर्ण सहमतवर टिक करून मोकळी. मेलिसा ग्रॉस आणि डॉन लॅथम यांनी अमेरिकेत हेच तपासलं, तर चाचणीत ज्यांची कामगिरी कच्ची निघाली तेच स्वतःला लई वर समजत होते. म्हणजे तुमचा तो क्रॉनबॅक अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) 0.9 आला तरी तुम्ही मोजलाय तो आत्मविश्वास. त्यापेक्षा काम द्या. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रूने 10 इतिहासाचे पीएचडीवाले, 10 फॅक्टचेकर आणि 25 विद्यार्थी यांना वेबसाइटी दाखवून खरंखोटं ओळखायला बसवलं. इतिहासवाले आणि पोरं त्याच पानावर वर-खाली वाचत बसले, दिसणाऱ्या लोगोला भुलले, आणि फॅक्टचेकरांनी पटकन दुसरी टॅब उघडून ही साइट चालवतं कोण ते बाहेर शोधलं. एवढाच फरक, पण तो माणसांना बसून बघितल्याशिवाय सापडला नसता. आपल्याकडं अभ्यासिकेतल्या एमपीएससीच्या पोरांना टेलिग्रामवर फिरणारं एखादं "परीक्षा पुढे ढकलली" छाप पत्रक दाखवून, आता तुम्ही काय कराल ते माझ्यासमोर मोबाईलवर करून दाखवा, असं कुणी केलंय का? माझ्या तरी वाचनात नाही. घ्या टॉपिक, फुकट.

वर्तनाकडं वळायचं तर ब्रेंडा डर्विन वाचा आणि जॉन फ्लॅनगनचं 1954 चं घटना विचारण्याचं तंत्र वाचा, दोघांचा मिळून फायदा हा की एक ठरावीक प्रसंग धरून माणसाला पायरीपायरीनं मागं नेता येतं. उदाहरण देते. "हवामानाची माहिती कुठून मिळते" विचारलं की टीव्ही, मोबाईल, पेपर, कृषी विभाग, सगळ्यावर टिक पडते, कारण कशावर टिक केली तर बरं दिसंल ते माणसाला कळतं. त्याऐवजी मी विचारायचे, काका यंदा पेरणी कधी धरली आणि त्याच दिवशी का धरली? मग उत्तर असं यायचं: "पाऊस पडून दोन दिस झालते, रानात उकरून बघितलं तर वितभर ओल गेल्ती, शेजारच्यानं ट्रॅक्टर लावलं होतं, मंग म्या बी लावलं." आता बघा, परभणीच्या कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी हवामान सल्ला निघतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका हे दर जूनला सांगितलं जातं, ते काकांच्या कानावरही असतं. पण मिलिमीटर मोजणारं यंत्र महसूल मंडळाच्या ठिकाणी आणि रान त्याच्यापासून कितीतरी लांब, पाऊस तर बांधाच्या अलीकडं पडतो आणि पलीकडं पडत नाही, मग माणूस हात घालून ओलच बघणार ना! याला अडाणीपणा म्हणायचं की माहिती पारखणं म्हणायचं हा प्रश्न तुमच्या प्रबंधात आला पाहिजे. अ‍ॅनमरी लॉइडने ऑस्ट्रेलियातल्या अग्निशमन दलाच्या लोकांवर काम केलं, त्यात तिला दिसलं की नवखा माणूस पुस्तक आणि ट्रेनिंगमधून शिकतो पण खऱ्या आगीत उतरल्यावर अंगाला काय जाणवतं आणि जुने लोक काय सांगतात यातून त्याची माहिती बनते. ते वाचलं आणि माझा तिसरा चॅप्टर सुटला.

दुसरी गोष्ट जी प्रश्नावलीत कधीच पडत नाही, ती म्हणजे माहिती शोधणारा एक आणि वापरणारा भलताच. 2025 च्या खरिपाआधी आपल्याकडं पीकविम्यात नुकसान झाल्यावर 72 तासांच्या आत कळवावं लागायचं, ॲपवर नाहीतर टोल फ्रीवर. हे काम घरात कोण करायचं? बहुतेक घरात कॉलेजला असलेलं पोरगं, तेही पुण्याला असलं तर फोनवरून, नाहीतर तालुक्यातला झेरॉक्सवाला. त्या झेरॉक्सवाल्याची मुलाखत घेतल्याशिवाय गावाचा अभ्यास पूर्ण होतच नाही असं माझं स्पष्ट मत आहे, आणि कृषी सेवा केंद्रवाल्याची तर त्याहून आधी, कारण अळी पडलेलं पान खिशातून काढून दाखवायचं ठिकाण तेच. दुसऱ्याच्या वतीने विचारलेल्या प्रश्नाला याच ग्रॉसबाईंनी 1995 ला एक नाव दिलं, लादलेला प्रश्न, आणि त्यांचं म्हणणं असं की असा प्रश्न हातोहात जाताना बदलत जातो. आपल्याकडं त्याचं सोनं आहे सोनं, कुणी उचलत नाही.

बायांचं वेगळं सांगायला पाहिजे. घरी जाऊन बसलात तर प्रश्न बाईला आणि उत्तर ओसरीवरून मालकांचं. मी मुलाखती केल्या त्या खुरपणीच्या बायांसोबत रानात आणि बचत गटाच्या मीटिंगनंतर, तिथं आशाताई असल्या तर अजून चांगलं, कारण अर्ध्या गावाचे प्रश्न त्यांच्याकडं जमा असतात. पण आशाताईंच्या समोर सगळं विचारायचं नसतं हेही कळायला पाहिजे. काही गोष्टी माणसं मुद्दाम विचारत नाहीत, कारण विचारलं की अडचण उघडी पडते. एल्फ्रेडा चॅटमन या अमेरिकन संशोधिकेने सफाई कामगार, वृद्ध बायका, तुरुंगातल्या बायका यांच्यात राहून हेच मांडलं, की माहितीची गरिबी म्हणजे नुसती माहिती न पोचणं नाही, माणसं स्वतःला वाचवायला प्रश्न लपवतात, खोटं सांगतात, बाहेरच्याची माहिती धोक्याची समजतात. ओळखीतली एक मुलगी बीडकडच्या ऊसतोड कामगारांवर काम करायलीय, तिला हे लगेच पटलं. कोणत्या कारखान्याला जायचं, उचल किती, हिशोब कसा, सगळं मुकादमाच्या तोंडून येतं आणि त्याला उलट विचारायचं म्हणजे पुढच्या हंगामाची उचल घालवायची. या टोळीला "माहितीचे स्रोत कोणते" असा तक्ता भरायला लावला तर तुम्हाला काय मिळणार?

फील्डवर्कचं व्यवहाराचं बोलू. जून-जुलैत गावात जाऊ नका, पेरणीच्या धांदलीत कुणी उभं करत नाही, सोयाबीन काढणीतही नाही. कापूस वेचणी सरत आली, संक्रांत झाली की माणसं बोलतात, गावात सप्ताह असला तर फारच छान. ऊसतोडवाल्यांचं उलटं, दिवाळीच्या आसपास गाव रिकामं होतं, त्यांना उन्हाळ्यात गाठा. ग्रामसेवक किंवा तलाठ्याला सोबत घेऊन अजिबात जाऊ नका, ओळख होते पटकन हे खरंय पण मग तुम्ही सरकारचा सर्व्हे झालात, "मॅडम अनुदान कधी येणार" इथून सुरुवात आणि सगळी उत्तरं अनुदानाकडं तोंड करून. शाळेतले गुरुजी, किराणावाला, दूध डेअरीवाला यांच्या ओळखीनं जा. रेकॉर्डिंगची परवानगी तोंडी घेतलीत तरी ती रेकॉर्डवर घ्या, आणि सातबारा, आधार असलं काही दाखवायला आणलं तर फोटो काढू नका. टाइपिंगला मोबाईलचं व्हॉइस टायपिंग वापराल तर "गेल्ती", "करायलोत", "म्या बी" याचं ते काय करतं ते बघून हसू येईल, हातानंच उतरवा, वेळ जातो पण उतरवता उतरवताच अर्धं विश्लेषण होतं. कोडिंगला, म्हणजे मुलाखतीतल्या मुद्द्यांना नावं द्यायला, टॅगेट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, नाहीतर रंगीत पेनं आहेतच, अशा मुद्द्यांतून विषयसूत्रं कशी काढायची यावरचा ब्राउन आणि क्लार्कचा 2006 चा लेख समोर ठेवा आणि चला.

आता आर.आर.सी., म्हणजे सिनॉप्सिस मंजूर करणारी विद्यापीठाची समिती. तिथं दोन प्रश्न ठरलेले. हायपोथिसिस कुठंय आणि सॅम्पल एवढं कमी का. हा 384 आकडा तुम्ही ऐकला असेल, तो क्रेजसी आणि मॉर्गनच्या 1970 च्या तक्त्यातला, दहा लाख लोकसंख्येला 384, आणि तो यादृच्छिक नमुना काढून प्रमाण मोजायचं असेल तेव्हाचा. तुम्ही प्रमाण मोजतच नसाल तर तो लागू नाही, हे न चिडता सांगता आलं पाहिजे. सोबत उदाहरण ठेवा: रेयो सावोलायनेनने 1995 ला रोजच्या जगण्यातल्या माहितीशोधाचं मॉडेल मांडलं ते फिनलंडमधल्या 11 शिक्षक आणि 11 कारखाना कामगारांच्या मुलाखतींवर. बावीस माणसं, आणि जगभर शिकवतात ते! तरी समिती ऐकत नसेल तर थोडी प्रश्नावली, थोड्या मुलाखती असं मिश्र पद्धतीचं सिनॉप्सिस करा, डोकं आपटण्यात अर्थ नाही, गाईडला आधी विश्वासात घ्या म्हणजे झालं.

मधल्या काळात एक टप्पा येतो, वाचलेलं डोक्यात मावत नाही, विषय पसरतच चाललाय, आपल्याच्यानं होत नाही असं वाटतं. कॅरल कुल्थाऊच्या सहा टप्प्यांच्या मॉडेलमधला तिसरा टप्पा म्हणजे हेच, शोधत असताना गोंधळ आणि शंका वाढतात, आत्मविश्वास पडतो, आणि आपला नेमका मुद्दा सापडला की पुढं तो गोंधळ ओसरतो. आपण परीक्षेला पाठ केलेलं मॉडेल आपल्यालाच लागू होतं हे तेव्हा आठवत नाही, म्हणून सांगून ठेवलं.

राहिली नोकरी. ग्रंथपालाच्या जागा किती निघतात आणि निघाल्या तरी पुढं काय काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पण मुलाखती घेणं, ऐकून लिहिणं, गावात प्रश्न बरोबर विचारणं हे ज्याला येतं त्याला सामाजिक संस्था, आरोग्याचे प्रकल्प, शेती सल्ल्याची कामं इकडं विचारतात, माझ्या बरोबरच्या दोघीजणी तिकडंच गेल्या आणि बऱ्या आहेत. प्राध्यापकीच्या पात्रतेची नेट जून-डिसेंबर अशी दोनदा होते, आपल्या विषयाचा कोड 59, आणि पुणे विद्यापीठाची सेट वेगळी. दोन्हीचे फॉर्म पहिल्याच वर्षी भरून टाका, प्रबंध लिहायला बसल्यावर पेपर एकचं गणित परत करायला जीव राहत नाही.